बदललेले बुबुळ : वीस वर्षांचा हिशेब



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावणे धाडले, तेव्हा आम्ही कामगार-चळवळीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. गेली तीस वर्षे आम्ही यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचे काम करीत आलो आहोत. तेव्हा मजुरी, बोनस आणि करार यांखेरीज आम्हांला दुसरे काही सुचेल असे कोणास वाटू नये, हे साहजिकच होते. आम्ही डोळ्याच्या बुबुळावरील शस्त्रक्रियेचा विषय कळविला, तेव्हा चालकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणत नाही. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि या असल्या व्याख्यानांच्या मागच्या बाकांवर बसून झाले. परंतु एका माणसाचा डोळा आम्ही पंचवीस वर्षांहून अधिक काळ जवळून पाहिला आहे, आणि त्या डोळ्याच्या बाबतीत आमच्या हातून दोन चुका झाल्या आहेत. त्या चुका चारचौघांत सांगाव्यात, आणि त्या निमित्ताने जे वाचले, डॉक्टरांना विचारले, ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

गोष्ट १९९७ सालची. आमच्याकडे वीस वर्षांचा एक तरुण मागवाला आला. त्याच्या कापडात दोष येत होते. ताण्याचा धागा तुटला तर तो त्याला वेळेवर दिसत नसे, आणि हातभर कापड वाया गेल्यावर माग थांबे. मालकाने तीन आठवडे मजुरीतून पैसे कापले. आम्ही संघटनेतर्फे भांडलो, कापलेले पैसे परत मिळविले, आणि मोठ्या समाधानाने घरी गेलो. त्या मुलाने दोन वर्षांत चार चष्मे बदलले होते. तो बोलता बोलता सारखा डोळे चोळीत असे. सूत उडणाऱ्या खोलीत सगळेच डोळे चोळतात, म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. धागा का दिसत नाही, हा साधा प्रश्न मालकाने विचारला नाही. पण आम्हीही विचारला नाही! ही आमची पहिली चूक.

पुढे वर्षभराने एका चष्मेवाल्यानेच त्याला सांगितले की, तुझा नंबर दर सहा महिन्यांनी वाढतो आणि तिरपा होत जातो. हा चष्म्याचा प्रश्न नाही, मोठ्या डॉक्टरांना दाखव. तेव्हा कळले की, त्याला केराटोकोनस नावाचा विकार आहे.

आता हा विकार म्हणजे काय ते पाहू. आपण बोलताना ज्याला बुबुळ म्हणतो त्यात दोन वस्तू एकापुढे एक असतात. मागे तपकिरी वा काळा रंगीत पडदा असतो. आणि त्याच्यापुढे, मनगटी घड्याळावर काच बसवावी तशी, एक पारदर्शक काच बसविलेली असते. शाळेच्या पुस्तकात तिला पारपटल म्हणतात, डॉक्टर कॉर्निया म्हणतात. बुबुळ बदलले असे लोक म्हणतात तेव्हा बदलतात ती ही काच. तिची रुंदी साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास, आणि मधोमध जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाला वळवून एका ठिकाणी आणण्याचे दोनतृतीयांश काम हे एवढेसे पटल करते. त्यात रक्तवाहिनी नाही; त्याला लागणारा प्राणवायू ते बाहेरच्या हवेतून अश्रूंच्या थरावाटे घेते. त्याला बळकटी येते ती कोलॅजन नावाच्या द्रव्याच्या तंतूंमुळे. कापडाचे म्हणाल तर, हे हजारो धाग्यांचे असे विणकाम आहे की, त्यातून पलीकडचे स्वच्छ दिसावे.

केराटोकोनसमध्ये हे विणकाम सैल पडते. पटल मध्यभागी किंवा जरा खाली पातळ होते आणि आतल्या दाबाने पुढे फुगून शंकूसारखे होते. नावाचा अर्थही तोच : ग्रीक भाषेत 'केरास' म्हणजे शिंग आणि 'कोनोस' म्हणजे शंकू. दिव्याभोवती फाटे दिसतात, अक्षराला सावली पडते, एकाचे दोन दिसतात. दुखत नाही, खुपत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तर काहीच दिसत नाही. आणि मुख्य गोष्ट अशी की, हा विकार म्हातारपणी येत नाही. तो तेरा-चौदाव्या वर्षापासून पुढे सुरू होतो, विशी-पंचविशीत झपाट्याने वाढतो, आणि चाळिशीच्या सुमारास बहुधा थांबतो. म्हणजे माणूस शिकतो, कामाला लागतो, संसार मांडतो, ती वर्षेच हा विकार घेऊन जातो.

याचे पहिले सविस्तर वर्णन लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅम या डॉक्टराने १८५४ साली ग्रंथ लिहून केले. कारणांचा शोध अजून चालूच आहे. घराण्यात असल्यास संभव वाढतो, डोळ्यांना ॲलर्जी असल्यास वाढतो. आणि डोळे चोळण्याच्या सवयीशी त्याचा निकटचा संबंध आहे, हे निरनिराळ्या देशांतील पाहणीत पुन:पुन्हा दिसून आले आहे. तो किती आढळतो, याचे उत्तर मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या एका परगण्यात जुन्या साधनांनी मोजले तेव्हा लाखात सुमारे ५४ निघाले. नेदरलँड्सच्या २०१७ सालच्या अभ्यासात लाखात २६५ निघाले. आणि आपल्या महाराष्ट्रात, नागपूरकडील खेड्यांतून तीस वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक माणसे तपासली, तेव्हा शेकडा २.३ लोकांत पटलाची वक्रता या विकाराच्या मर्यादेत भरली. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात केवळ वक्रता मोजली होती, पटलाचा संपूर्ण नकाशा काढला नव्हता, म्हणून हा आकडा चढा असणे शक्य आहे. तरीही नेदरलँड्सच्या जवळजवळ नऊपट आकडा हातात आल्यावर, हे आपल्याकडचे दुखणे नव्हे असे म्हणण्याची सोय उरत नाही.

आता उपायाकडे वळू. प्रथम चष्मा, तो पुरेनासा झाला की कडक जातीची काँटॅक्ट लेन्स. ही लेन्स वेड्यावाकड्या पटलावर गुळगुळीत टोपीसारखी बसते आणि पुष्कळांचे आयुष्य तिच्यावर निभावून जाते. पण सूत आणि धूळ उडणाऱ्या कारखान्यात आठ-बारा तास ती घालून बसणे किती कठीण आहे, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पटल फारच पातळ झाले, त्यावर डाग पडला, की मग मृत माणसाने दान केलेले पटल बसविण्याचा मार्ग राहतो.

या शस्त्रक्रियेचा इतिहास आम्हां कामगारांना विशेष जवळचा वाटावा असा आहे. माणसाचे पटल माणसाला बसवून ते स्वच्छ राहिल्याचे पहिले उदाहरण ७ डिसेंबर १९०५ चे. मोराव्हियातील ओलोमोउत्स या गावी एडुआर्ड झिर्म या डॉक्टराने ते केले. रोगी कोण होता? एक मजूर, चुन्याने त्याचे दोन्ही डोळे भाजून गेले होते. पटल कोणाचे? अकरा वर्षांच्या एका मुलाचे. त्याच्या डोळ्यात धातूचा कण शिरल्यामुळे तो डोळा काढावा लागला होता. मजुराच्या एका डोळ्यातले पटल टिकले नाही, दुसऱ्यातले स्वच्छ राहिले आणि तो पुन्हा कामाला लागला. पुढे ओडेसाच्या फिलाटोव्ह यांनी १९३० नंतरच्या दशकात मृतांच्या डोळ्यांतील पटले वापरता येतात हे दाखवून दिले, आणि १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये कास्त्रोविएखो यांनी केराटोकोनससाठी ही शस्त्रक्रिया केली. आपल्याकडे १९४५ साली मद्रासला पहिली नेत्रपेढी निघाली आणि १९६० साली इंदूरला डॉ. धंदा यांनी यशस्वी पटलरोपण केले.

आमच्या सहकाऱ्याच्या उजव्या डोळ्यावर १९९९ साली शस्त्रक्रिया झाली. वर्गणी संघटनेने काढली. पट्टी सुटली, काही महिन्यांनी त्याला समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचता आले, आणि आम्ही पेढे वाटले. मालकाशी करार झाला की संध्याकाळी आम्ही गुलाल उधळतो, तसाच हा प्रकार. पण कराराचे खरे मोल सहीच्या दिवशी कळत नाही, हे आमच्या धंद्यात आम्हांला पक्के ठाऊक होते. सहीनंतर पहिल्या पगारात काय पडते, तिसऱ्या वर्षी मालक काय पळवाट काढतो, दहाव्या वर्षी ते कलम कोणाच्या लक्षात तरी आहे का, यावरून करार जोखायचा असतो. कराराला लावलेली ही कसोटी डोळ्याला लावायला मात्र आम्ही विसरलो.

ही कसोटी लावली तर हिशेब काय निघतो? ऑस्ट्रेलियात १९८५ सालापासून पटलरोपणाची देशव्यापी नोंदवही ठेवली आहे. केराटोकोनससाठी केलेल्या ४,८३४ रोपणांचा हिशेब तेथील अभ्यासकांनी २०११ साली मांडला. दहा वर्षांनी शंभरातली ८९ पटले टिकून होती. हे यश मोठेच आहे. दुसऱ्या कोणत्याही अवयवाच्या रोपणाला हेवा वाटावा असे. पण वीस वर्षांनी ४९ टिकून होती, आणि तेवीस वर्षांनी १७. वीस वर्षांपर्यंत पाठपुरावा झालेले रोगी थोडे असल्यामुळे या शेवटच्या आकड्यांवर फार भार टाकू नये, हे खरे. तरी त्यांचा रोख स्पष्ट आहे. सत्तरीच्या माणसाला वीस वर्षे पुरणारे पटल म्हणजे जन्माची सोय. बावीस वर्षांच्या मुलाला तेच पटल बेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे घरात मुले शाळेत असताना, दगा देण्याचा संभव आहे. त्याला आयुष्यात दोनदा, क्वचित तीनदा, या मार्गाने जावे लागेल.

पटल निकामी का होते? एक तर शरीर परक्याला ओळखते आणि नाकारते. हे पहिल्या वर्षी घडू शकते, तसे पंधराव्या वर्षीही घडू शकते. दुसरे कारण संथ आहे. पटलाच्या आतल्या बाजूस पेशींचा एकेरी थर असतो. तो पटलातले जादा पाणी सतत बाहेर उपसत असतो, म्हणून पटल स्वच्छ राहते. या पेशी मेल्या की नव्या होत नाहीत. निरोगी डोळ्यातही त्या दरवर्षी थोड्या थोड्या कमी होतात. बसविलेल्या पटलात ही घट अधिक वेगाने होते. पंप कमी पडले की विहिरीत पाणी चढावे तसे पटल सुजते आणि धूसर होते. याशिवाय टाक्यांमुळे पटल कमीजास्त ताणले जाऊन तिरपा नंबर येतो, म्हणून पट्टी सुटल्यावरही अनेकांना चष्मा वा लेन्स लागतेच. वर्षानुवर्षे घातलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी मोतीबिंदू येऊ शकतो, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. काही जणांत बऱ्याच वर्षांनी बसविलेल्या पटलाच्या कडेला पुन्हा शंकू डोके वर काढतो. आणि जोडाची जागा कधीच पहिल्यासारखी मजबूत होत नाही. जोराचा फटका बसला तर ती उकलू शकते. आमच्या सहकाऱ्याला डॉक्टरांनी विचारले, कोणत्या मागावर काम करतोस? त्याने सांगितले, धोट्याच्या. धोटा उडतो म्हणजे काय होते, हे या गावात कोणाला सांगायला नको. त्या दिवशी त्याचे मागावरचे काम संपले. तो कांड्या भरण्याच्या कामावर गेला आणि मजुरी निम्म्यावर आली. शस्त्रक्रियेच्या यशाच्या तक्त्यात ही निम्मी मजुरी कोठे लिहिलेली नसते.

आता आमची दुसरी चूक. ती अधिक जड आहे. २००८ साली मजुरीवाढीसाठी आंदोलन चालू होते. एका सोमवारी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "अण्णा, डोळा लाल झालाय, उजेड सोसवत नाही. पुण्याला जाऊन दाखवून येऊ काय?" शुक्रवारी मोर्चा होता. त्याच्या पेठेतली सगळी माणसे तोच गोळा करीत असे. आम्ही म्हणालो, "चार दिवस कळ काढ. मोर्चा झाला की जा." तो आमचा शब्द मोडणारा नव्हता. शनिवारी तो गेला, तेव्हा शरीराने पटल नाकारायला सुरुवात करून पाच दिवस झाले होते. डॉक्टरांनी तासातासाला थेंब घालून पटल वाचविले, पण आतल्या पेशी पुष्कळ मेल्या त्या मेल्याच. मोर्चा यशस्वी झाला, मजुरी वाढली. त्याचे पटल मात्र २०१८ मध्ये धूसर होऊ लागले आणि २०१९ मध्ये ते पुन्हा बदलावे लागले. त्या पाच दिवसांमुळेच असे झाले, की नाहीतरी झाले असते? आम्ही डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, निश्चित सांगता येणार नाही. त्याने स्वत: आम्हांला कधी एक शब्द बोलून दाखविला नाही. पण वीस वर्षांच्या आत शंभरातली जी एकावन्न पटले जातात त्यांत त्याचे एक होते, आणि त्याचे काही माप आमच्या पदरात पडते, असे आम्ही मानतो.

म्हणून सांगतो, हे नीट ध्यानात ठेवा. बसविलेल्या पटलाच्या डोळ्यात लाली, उजेड न सोसणे, धूसर दिसणे, दुखणे, या चारांपैकी एक जरी दिसले, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. लग्न असो, मोर्चा असो, परीक्षा असो. शस्त्रक्रियेला पाच वर्षे झाली असोत की पंधरा.

परक्याचे पटल बसविण्याच्या या अडचणी पाहून शास्त्रज्ञांनी दुसरे मार्ग शोधले. त्यांतला एक प्लॅस्टिकच्या कड्यांचा. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत कण गेले, तेव्हा लंडनच्या हॅरल्ड रिडली या डॉक्टरांच्या लक्षात आले की, त्या विशिष्ट प्लॅस्टिकला डोळा विरोध करीत नाही. १९४९ साली त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग मोतीबिंदूच्या रोग्याला बसविले. त्याच द्रव्याची अर्धवर्तुळाकार बारीक कडी पटलाच्या जाडीत सरकवून शंकू सपाट करण्याचा उद्योग ब्राझीलमध्ये फेरारा आणि फ्रान्समध्ये कोलँ यांनी १९९० नंतरच्या दशकात केला. छत्रीच्या काड्यांनी कापड ताणून धरावे तशी ही कडी पटलाला धरतात. पटल स्वत:चेच राहते, नाकारण्याचा प्रश्न येत नाही, आणि कडी नको झाली तर काढता येते. ब्राझीलमधून दहा वर्षांच्या पाठपुराव्याचा हिशेब २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुधारलेली नजर टिकून राहिल्याचे दिसले. पण कडी आकार सुधारते, विकाराचे मूळ थांबवतेच असे नाही. पटल पातळ असले तर ती वर येऊन बाहेर पडू शकते. आणि डाग पडलेल्या डोळ्याला तिचा उपयोग नाही. प्लॅस्टिकऐवजी दान केलेल्या पटलाच्याच पट्ट्या वापरण्याची पद्धत चेन्नईच्या डॉ. सुसान जेकब यांनी २०१८ साली प्रसिद्ध केली. तिचा वीस वर्षांचा हिशेब मांडायला अर्थातच वीस वर्षे जावी लागतील.

दुसरा मार्ग अधिक नवलाचा आहे. पटलाचे तंतू कोलॅजनचे, तर कोलॅजनचेच नवे पटल तयार का करू नये? स्वीडनमधील लिंशॉपिंग येथे २००७ साली दहा रोग्यांना असे पटल बसविले. त्यांतले नऊ केराटोकोनसचे. यीस्टकडून मानवी कोलॅजन तयार करवून घेऊन ही पटले साच्यात घडविली होती. फागरहोम आणि ग्रिफिथ यांच्या मंडळींनी २०१० साली दोन वर्षांचा आणि २०१४ साली चार वर्षांचा हिशेब दिला. दहांपैकी एकही पटल शरीराने नाकारले नाही. रोग्याच्या स्वत:च्या पेशी आणि मज्जातंतू त्यात वाढले. दीर्घकाळ स्टेरॉइड घालावे लागले नाही. नजर तक्त्यावर सरासरी पाच ओळींहून अधिक सुधारली. पण चष्मा लावून दिसण्यात दान केलेले पटल बसविलेले रोगी पुढेच राहिले. साच्यातले पटल मऊ होते; टाक्यांनी त्याचा आकार बिघडला.

त्या अनुभवावरून लिंशॉपिंगच्याच लगाली, रफत आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या कातडीतील कोलॅजन शुद्ध करून, त्याचे धागे अधिक घट्ट गुंफून, नवे पटल केले. या वेळी रोग्याचे पटल काढले नाही, टाके घातले नाहीत; पटलात खिसा करून त्यात हे सरकविले. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि तेहरान येथे मिळून वीस रोग्यांवर हा प्रयोग झाला, आणि २०२२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वीसांपैकी चौदा जण आधी अंध या व्याख्येत बसत होते. दोन वर्षांनंतर त्यांतला एकही त्या व्याख्येत राहिला नाही. भारतातील तिघांची नजर तर निर्दोष झाली. दान केलेले पटल दोन आठवड्यांच्या आत वापरावे लागते, हे दोन वर्षे ठेवता येते. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले, आणि आम्हांलाही आनंद झाला. परंतु आता आपण सूज्ञ झालो आहोत. दोन वर्षे म्हणजे पट्टी सुटल्यानंतरचे पेढे! वीस माणसे आणि दोन वर्षे एवढ्यावर, हे पटल पंधराव्या वर्षी कसे वागेल, हे कोणी सांगू शकत नाही. आणि त्या शास्त्रज्ञांनीही मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाले पाहिजेत असेच म्हटले आहे. आशा अवश्य बाळगावी. पण आशेला हिशेब समजू नये.

तिसरा मार्ग बसविण्याचा नाही, राखण्याचा आहे, आणि आमच्या मते तो सर्वांत मोलाचा. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे सायलर, श्पोर्ल आणि वोलेन्साक यांनी असे दाखविले की, पटलावर रायबोफ्लेविन, म्हणजे ब-दोन जीवनसत्त्व, थेंबाथेंबाने मुरवून ठराविक शक्तीचे अतिनील किरण सोडले, तर कोलॅजनच्या तंतूंत नवे सांधे तयार होतात आणि पटल कडक होते. याला क्रॉस-लिंकिंग म्हणतात. सैल कापडाला खळ द्यावी, तसे म्हणा. २००३ साली त्यांनी २३ डोळ्यांचा अनुभव प्रसिद्ध केला : विकाराची वाढ थांबली. २०१५ साली दहा वर्षांचा हिशेब आला. ३४ डोळ्यांपैकी दोघांवर उपचार पुन्हा करावा लागला, बाकी टिकून होते. नॉर्वेतील ओस्लोच्या रुग्णालयात केराटोकोनससाठी २००५-०६ या दोन वर्षांत ५५ पटलरोपणे झाली होती. हा उपचार रुळल्यावर २०१३-१४ मध्ये ती २६ वर आली. पण यात एक अट आहे. गेलेली नजर हा उपचार परत आणीत नाही, असलेली राखतो. म्हणजे तो वेळेवर झाला पाहिजे.

आमच्या सहकाऱ्याला एक मुलगी. २०१९ साली त्याचे पटल दुसऱ्यांदा बदलले, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, मुलांचे डोळे तपासले का? तेरा वर्षांच्या त्या मुलीला चष्मा होता, नंबर सारखा बदलत होता, आणि तीही डोळे चोळीत असे. पटलाचा नकाशा काढला, तो शंकू उमटू लागलेला. त्याच वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांवर क्रॉस-लिंकिंग झाले. पुढे ती महाविद्यालयात गेली; साधा चष्मा लावून फळ्यावरचे वाचते. बापाच्या वाट्याला दोन रोपणे, निम्मी मजुरी आणि वीस वर्षे थेंब आले; लेकीच्या वाट्याला प्रत्येक डोळ्यामागे एक तास आणि आठवडाभराची दुखरी विश्रांती. मधल्या काळात ज्ञान वाढले, हे खरेच. पण विचारणारा कोणी भेटला, हेही तितकेच खरे. १९९७ साली आम्ही विचारले असते तर क्रॉस-लिंकिंग मिळाले नसते. पण डोळे चोळू नकोस एवढे तरी कोणी सांगितले असते.

तेव्हा आपल्यापुढे चार गोष्टी ठेवतो. ज्या मुलाचा चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो, त्याच्या पटलाचा नकाशा एकदा काढून घ्या. आईबापांपैकी कोणाला हा विकार असेल तर नक्कीच. डोळे चोळणाऱ्या पोराला रागावू नका. खाज का येते ते डॉक्टरांकडून बघून घ्या आणि थंड पाण्याची घडी ठेवा. ज्यांच्या घरी पटल बदललेला माणूस आहे, त्यांनी तपासणीचा दिवस सणासारखा पाळावा. आणि नेत्रदानाचा फॉर्म भरून भागत नाही. घरच्यांना सांगून ठेवा. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते, आणि ते काम आपण स्वत: करू शकत नाही! चष्मा असला, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असले, तरी बहुधा पटल देता येते. नवी पटले साच्यातून येतील तेव्हा येतील. ती येईपर्यंत माणसालाच माणसाचे डोळे द्यावे लागतील.

आम्ही स्वत: संघटनेत एक सुधारणा केली आहे. मालकांपुढे आम्ही जी मागणीपत्रे ठेवतो, त्यांत शस्त्रक्रियेच्या रजेबरोबर पुढच्या तपासण्यांची पगारी रजा, आणि डोळ्यामुळे काम बदलावे लागल्यास मजुरीचे संरक्षण, ही कलमे घालू लागलो. दोन ठिकाणी ती मान्य झाली, पुष्कळ ठिकाणी नाहीत. आणि मोर्चाच्या दिवशी कोणी दुखणे सांगितले तर आता आम्ही त्याला घोषणा देऊन परत पाठवीत नाही. गाडीभाडे देऊन पाठवतो.

तो सहकारी आज समोर, तिसऱ्या रांगेत बसला आहे. हे सारे सांगण्यापूर्वी आम्ही त्याची परवानगी घेतली. तो म्हणाला, "सांगा अण्णा, पण माझं नाव नको, आणि पोरांचे डोळे तपासा हे शेवटी पुन्हा एकदा सांगा." त्याप्रमाणे सांगितले.